पेंढ्यातला कॅमेरा

१० जाने., शुक्रवार

जिते गावात हळदीच्या शूटिंगचं काम. नवऱ्या मुलाचा मामा पिऊन टाइट. नाचता नाचता लाइटच्या स्टँडवर गेला आणि स्टँड माझ्या अंगावर आला. मी कॅमेऱ्यावर ओणवी झाले, स्टँड पाठीत बसला. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नाही. मग उठले आणि मामाच्या कानाखाली एक ठेवून दिली. मामा म्हणे, "बाईमानूस हात उचलते?" म्हटलं, दुसरी पाहिजे का? नको म्हणाला.

पाठ काळीनिळी. घरी आप्पा तेल गरम करून घेऊन आले. "रेश्मा, येक दिवस कोनतरी उलटा मारील तुला."

मारलंय की, आप्पा. तीन वर्षं मारलंय.

११ जाने.

काल ते लिहिलं आणि झोप उडाली. अलिबागवाला आठवला, माझा नवरा. त्याचं नाव मी लिहीत नाही, या वहीत तरी नाहीच. माझा पहिला कॅमेरा त्याने मोरीतल्या दगडावर आपटला, धुणं आपटतात तसा. पट्टा तेवढा शिल्लक राहिला. तो हातात घेऊन मी एस.टी.ने पेणला माहेरी, आप्पांकडे आले ती आलेच. या कॅमेऱ्याला तोच पट्टा लावलाय. लोक विचारतात, एवढा जुना पट्टा का? काय सांगणार.

त्यानंतर कॅमेरा कधी पाठीवर टाकला नाही. पाठीवरचं मागच्या माणसाचं असतं. माझा कायम पोटाशी, दोन्ही हात वर.

१३ जाने., सोमवार

कासूच्या मानसीचा फोन. पेणला मेडिकलमध्ये काम करते ती. तिच्या चुलतबहिणीचं लग्न मी केलं होतं, तेव्हापासून ताई ताई करून मागे असते. हसताना दातांवर हात धरते, म्हणून निम्म्या फोटोंत तिचा हातच आलाय.

तिचं ८ फेब्रुवारीला लग्न, रोह्याला. मुलगा प्रणित, कंपन्यांना लेबर पुरवतो. त्याला लग्नाआधीचं शूटिंग गुलमर्गला पाहिजे. बर्फावरच्या त्या स्नोमोबाइल असतात ना, स्कूटरसारख्या, त्यांच्यावर. तो पुढे, मानसी मागे, मी दुसऱ्या मशीनवरून पाठलाग करत शूट करायचं. सोबत म्हणून त्याची मोठी बहीण, नीताताई.

"ताई, बर्फ बघायला मिलेल गो मला," मानसी म्हणाली. मीही कुठे बघितलाय? पण तसं सांगितलं नाही. भाव कमी झाला असता.

१५ जाने.

उड्या मारणाऱ्या मशीनवर कॅमेरा न्यायचा कसा? दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. सगळे गोरे लोक, सगळ्यांकडे महागड्या पेट्या. एवढं कळलं: मागच्या कॅरियरवर ठेवायचा नाही, पाठीवर नाही, मशीन उलटलं की पहिला पाठीचाच चुरा होतो. छातीवर घट्ट बांधायचा. बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात. ओल, वाफ याबद्दलही एकजण खूप बोलत होता. तो पुढे ढकलला.

आप्पा मागे उभे राहून बघत होते. त्यांचा गणपतींचा कारखाना, छोटासाच. मूर्ती पार नागपूरपर्यंत जातात. "त्यात काय येवढं," म्हणाले, "गनपती जातो तसा जाईल."

आणि खरंच बांधला त्यांनी. माझी छातीवरची बॅग घेतली, तळाला भाताचा पेंढा दाबला, कॅमेरा फडक्यात गुंडाळला. लेन्सला ते सोंड म्हणतात. "आधी सोंड, गो. सोंडेला कायच टेकायला नको. मंग बाकीचा अंग." सोंडेभोवती पेंढ्याचा वेढा, वरून परत पेंढा, इतका ठासून की कॅमेरा हलेना. बॅग हातात घेऊन फरशीवर आपटली. माझा जीव गेला. उघडून बघितलं तर काही नाही.

"ट्रकातनं जातो म्हाराज," म्हणाले, "तुझा काय घेऊन बसलीस."

१८ जाने.

चाचणी. बॅगेत कॅमेऱ्याऐवजी शाडूचा कच्चा गणपती, वीतभर. आप्पांनीच भरला. बॅग पोटाशी बांधून स्कूटरने पेण ते कासू, जितके खड्डे तितक्यांतून मुद्दाम. एका डंपरने असा कट मारला की मी सरळ खाली, कोपर सोलून निघालं. उठून डंपरमागे दगड मारला, मागच्या फळीला लागला. ड्रायव्हरने आरशातून हात जोडले. हसावं की रडावं.

बॅग उघडली. गणपतीची सोंड शाबूत, बोटं शाबूत. माझ्याच हातातून रक्त.

मानसीचं घर जवळ होतं, तिथे हात धुतला. अंगणात बायका तांदूळ निवडत होत्या. तिचे वडील, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, त्या गणपतीकडे बघून म्हणाले, "ह्याला कशाला फिरवतंस?" सांगितलं. फार हसले. चांगला माणूस आहे. एकुलती पोर. जावई मोठ्या घरचा म्हणून छाती फुगलेली.

२२ जाने.

विमानतळावर बॅग उघडायला लावली. "ये क्या है मॅडम?" घास, म्हटलं. तीन माणसं जमली. पेंढा सगळीकडे सांडला. प्रणित मागे उभा, तोंड फिरवून. मग मानसीच्या दंडाला धरून म्हणाला, "हिच्यापेक्षा मुंबईचा कोणीतरी घेतला असता. तुझी हौस." धरलं ते सोडलंच नाही. मानसी हसत होती, पण दातांवर हात नव्हता. तो दंड त्याच्या मुठीत होता.

मी बघितलं. लक्षात ठेवलं. यापुढे प्रणित लिहायचा कंटाळा. प्र. पुरे.

२३ जाने., गुलमर्ग

बर्फ बघून मला काहीच सुचलं नाही. मिठागरात मिठाचे ढीग असतात तसे, पण डोंगरच्या डोंगर. मानसीने बर्फ तोंडात घातला, "मीठ नाय गो!" म्हणाली. दिवसभरात तेवढंच हसली.

माझ्या मशीनचा ड्रायव्हर बशीरभाई. साठीचा, दाढीत बर्फ. कॅमेरा पेंढ्यात बघून म्हणाला, "बहनजी, बच्चा पैदा होगा क्या इसमें?" त्याच्या मागे बसून तालीम केली. मशीन असं उसळतं की दात दातांवर आपटतात. मी माझ्या ओढणीने स्वतःला त्याच्या कमरेला बांधलं. बॅग पोटाशी, वर जाडं जाकीट, आत ऊब. कॅमेरा एकदम सुरक्षित.

प्र.ने भाड्याच्या बुटांवरून तिथल्या माणसाची कॉलर धरली. नीताताई म्हणाली, "तो लहानपणापासून असाच, गरम डोक्याचा. मनाने चांगला." अलिबागवाल्याची आई शब्दन् शब्द हेच म्हणायची. माझ्या डोक्यात सणक गेली. बॅगेतला पेंढा परत ठासत बसले.

२४ जाने.

आज झालं ते.

सकाळी ऊन कडक, थंडी त्याहून कडक. प्र. स्वतः चालवणार म्हणून हट्ट. मानसी मागे, लाल जाकिटात. आमचं मशीन बाजूने. मी जाकिटाची चेन उघडून, पेंढा बाजूला करून कॅमेरा काढला. व्हिडिओ चालू.

तो मुद्दाम मशीन तिरकं करत होता, बर्फ उडावा म्हणून. मानसी ओरडत होती, "हलू, हलू." त्याने अजून तिरकं केलं. मशीन उलटलं. दोघं पडली. तो उठला, कपडे झटकले. ती उठली आणि म्हणाली, "मी नाय बसनार परत." एवढंच.

त्याने मारलं. जाड हातमोज्याने, तोंडावर. ती बसली तर लाथ. कमरेत. मग केसाला धरून उभी केली आणि परत तोंडावर. म्हणत होता, "सगळ्यांसमोर नाटकं? सगळ्यांसमोर?" सगळे म्हणजे कोण? आम्ही तिघंच. मी, बशीरभाई आणि मागच्या मशीनवर नीताताई.

मी काय केलं? मी उतरायला गेले. ओढणी सोडवता सोडवेना. आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. दोन्ही. सवयीने पोटाशी घट्ट, कोणी मारणार असलं की मी धरते तसा. तो मारत होता दुसरीला आणि मी सांभाळत होते कॅमेरा. जित्याच्या त्या दारुड्या मामाला मारायला हात होता माझ्याकडे.

बशीरभाईने ओढणी ओढून काढली आणि धावला. त्याने प्र.ला मागून कवेत धरलं आणि बर्फात पाडलं. म्हातारा, पण काय ताकद. "यहाँ नहीं साहब, यहाँ बिल्कुल नहीं." मी मानसीजवळ पोचले तेव्हा तिच्या नाकातून रक्त येत होतं. बर्फावर लगेच दिसतं ते. नीताताई रुमाल घेऊन आली. पहिलं वाक्य काय तर, "बर्फ उडाला गं तोंडावर. टणक असतो तो."

मी म्हटलं, मी बघितलं. कॅमेऱ्यातही आहे सगळं.

तर प्र. लांबूनच हसला. "डिलीट करशील तू."

२४, संध्याकाळ

हॉटेलवर कॅमेरा लावून बघितला.

काही नाही. सगळं पांढरं. लेन्स आतून धुरकटली होती, काचेच्या आत थेंब. पेंढा कोकणातला, ओल धरून ठेवणारा. त्यात माझ्या पोटाची ऊब. भर थंडीत उघडल्याबरोबर वाफ धरली. तो व्हिडिओतला माणूस हेच सांगत होता आणि मी पुढे ढकललं.

पांढऱ्यात एक काळा डाग आणि एक लाल डाग. काळा हलतो, लाल खाली जातो. परत वर येतो, परत खाली. आवाज नुसता इंजिनचा. कोणी म्हणेल दोन मुलं खेळतायत.

आप्पांची बांधणी चुकली नाही. कॅमेऱ्याला कुठे पोचा नाही, चरा नाही. फक्त त्याला दिसलं नाही. मी उशी तोंडावर धरून ओरडले.

२७ जाने., पेण

परत. पनवेलला गाडी थांबली तेव्हा ते दोघं चहाला उतरले. मानसी माझ्या बाजूला बसून. गालावर पावडरचा थर.

"ताई, तू कायच बघितलं नायस."

म्हटलं, बघितलं.

"पत्रिका वाटल्यात. भाऊंनी आख्ख्या गावाला सांगितलंय. मांडव पडलाय दारात." गालाची पावडर बोटाने सारखी केली. मग, "लग्नानंतर नाय मारनार. आता त्याच्या डोक्यावर टेन्शन हाय."

मला तिलाच एक द्यावीशी वाटली. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटली. कारण हेच मी बोलायचे. टेन्शन आहे. दारू उतरली की चांगला असतो. सगळं पाठ आहे मला.

लेन्स वाळायला उन्हात ठेवली. आप्पांना सांगितलं तेव्हा ते पेंढ्याची मूठ हातात घेऊन चुरत बसले. "माझ्यामुलं गेला पुरावा." म्हटलं, नाही आप्पा. माझेच हात मोकळे झाले नाहीत.

२९ जाने.

कासूला गेले, भाऊंकडे. दारात मांडव, पताका. सांगितलं. सगळं, लाथेसकट.

भाऊ शांत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "फोटू दाव."

दाखवलं. खोटं बोलले नाही. पांढरं, काळं, लाल. दोनदा बघितलं त्यांनी, चष्मा पुसून. "ह्यात काय हाय? कायच नाय ह्यात."

नाहीच आहे, म्हटलं. मी तोंडाने सांगतेय.

नीताताईला फोन लावला, स्पीकरवर. "अहो भाऊ, गाडी घसरली, बर्फ लागला पोरीला. ती फोटोवाली नवऱ्याला सोडून आलेली आहे ना, तिला सगळीकडे तेच दिसतं." मग मानसीला हाक मारली. ती आतल्या दारात उभी. जमिनीकडे बघून, "पडले मी गाडीवरनं."

भाऊ उठले. "रेश्मा, तू तुज्या दुःखानं बोलतंस. पन माज्या पोरीच्या मांडवात इख कालवू नको." रागावून नाही म्हणाले, हात जोडून म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

स्कूटर सुरू केली तोच प्र.चा फोन. नीताताईने कळवलं असणार. "काय दाखवलंस म्हाताऱ्याला? काय आहे त्यात?"

माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, सगळं. तुझं तोंड, तुझा हात, तुझी लाथ. एक एक स्पष्ट. भाऊंना अर्धंच दाखवलंय, बाकीचं मांडवात दाखवते.

फोन कट.

३१ जाने., शुक्रवार

ओठाला टाका आहे, डावा हात सुजलाय. उजव्याने लिहितेय.

दुपारी आप्पा कारखान्यात आखणीला बसले होते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला. तेव्हा ते कोणाशी बोलत नाहीत. मी बाजूला बॅग उघडून जुना पेंढा काढून टाकत होते. प्र. आला. एकटाच. सरळ आत, चपलांसकट.

"कुठाय कॅमेरा?"

मी बॅग पोटाशी घेतली आणि खाली बसले, गुडघे वर, डोकं आत. विचार केला नाही, शरीरच बसलं. त्याने केस धरले, लाथ घातली. बॅगेवर घालत होता, मला लागत होती. एक दंडावर, एक तोंडावर. ओठ फाटला तो तेव्हा. त्याचा पाय फळीला लागला आणि फळीवरच्या कच्च्या मूर्ती धडाधड खाली. पांढरा चुरा सगळीकडे, आणि तो त्यात उभा राहून मारतोय.

आणि आप्पा ओरडले. माझ्या जन्मात त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं त्याला म्हणतायत. मला म्हणत होते.

"सोड गो त्याला! मरूं दे तो कॅमेरा! सोड!"

मी सोडला.

पहिल्यांदा सोडला. बॅग त्याच्या हातात गेली आणि माझे हात रिकामे झाले. बाजूला माती कुटायची मोगरी होती. ती उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली आला. दुसरी खांद्यावर. काय बरं वाटलं ते लिहून ठेवते, खोटं कशाला बोलू. तिसरी डोक्यात घालणार होते. आप्पांनी मनगट धरलं, त्यांच्या हाताचा रंग माझ्या मनगटाला लागला. "बास. आता बास."

तो लंगडत बाहेर गेला, पण बॅग घेऊन. दारात कॅमेरा बाहेर ओढला आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटला. आपटला, आपटला, आपटला. लेन्स घरंगळत रस्त्यात गेली. समोरचा पानवाला, रिक्षावाले, सगळे बघत होते. "घे आता, दाखव मांडवात!" असं ओरडून गाडीत बसला.

पट्टा राहिला. परत पट्टाच.

१ फेब्रु.

चौकीत जाऊन आले. लिहून घेतलं. आप्पा बरोबर होते, धुतलेला शर्ट घालून.

घरी आल्यावर दोघांनी मिळून चुरा झाडला. पेंढा, शाडू, कॅमेऱ्याचे काळे तुकडे, एकाच सुपात. आप्पांनी एका मूर्तीचं डोकं उचललं, त्याला एकच डोळा काढून झाला होता. ठेवलं बाजूला. टाकवेना त्यांना.

दाराची कडी तिसऱ्यांदा तपासून आले. भीती नाही ही, राग आहे. असं मी स्वतःला सांगतेय.

३ फेब्रु.

भाऊ आले. कारखान्यात. बसा म्हटलं, बसले नाहीत. उंबऱ्याच्या दगडाकडे बघत उभे, तिथे अजून पांढरे ओरखडे आहेत.

"पानवाला सांगत व्हता. खरा काय?"

आप्पा म्हणाले, खरं.

भाऊ माझ्या ओठाकडे बघत होते. मग म्हणाले, "मी बघितला तेव्हा त्यात कायच नव्हतं ना?"

नव्हतं, म्हटलं. तुम्ही चष्मा पुसून बघितलंत.

"मंग त्यानं फोडला कशाला?"

भाऊंचं तोंड बदलत गेलं, ते मी बघितलं. त्यांनी खांबाला हात लावला. आप्पा पाणी आणायला उठले, तर नको म्हणून हात केला आणि निघून गेले. छत्रीची काठी टेकत, स्टेशनच्या दिशेने.

वाटलं, झालं. मोडलं लग्न. अर्धा तास मी खुशीत होते.

५ फेब्रु.

काही मोडलं नाही. मेडिकलवाला सांगत होता, रोह्याला हॉल सजतोय. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पण पत्रिका गेलेली, पाहुणे निघालेले. घरातली चार मोठी माणसं बसून म्हणाली, पुरुषाला राग येतो, पोर समजूतदार आहे. भाऊ गप्प बसून राहिले.

माझा जळफळाट. दिवसभर आप्पांशी भांडले, विनाकारण. त्यांनी मला शाडूचा गोळा दिला. "हाण ह्याला." हाणला.

७ फेब्रु., दुपार

आज कासूला मानसीची हळद. मी घरात. दुसऱ्या कोणाला तरी कॅमेऱ्याचं काम दिलंय.

मगाशी फोन वाजला. मानसी. मागे बायकांची हळदीची गाणी, जात्याचा आवाज, पोरांचा दंगा. ती मोरीत जाऊन बोलत असावी, आवाज घुमत होता.

"ताई, येतंस?"

म्हटलं, कशाला? कॅमेरा नाही माझ्याकडे.

"म्हाईत हाय मला. भाऊंनी सांगितलं सगळं. काल रातच्याला ते माझ्याजवल येऊन बसले. नुसते बसले गो. मंग मला इचारलं, पोरी, गाडीवरनं पडलीस का? मी नाय म्हटलं."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"संध्याकाली तो येनार हाय, त्याची मानसा घेऊन, हलद लावायला. तेव्हा मी सांगनार हाय. सगल्यांसमोर. भाऊ म्हंतात तू सांग, मी तुझ्या मागं हाय. पन मागं नको मला कोन. बाजूला पायजे." मग आवाज एकदम लहान. "माझी नक्की हिंमत व्हईल का, ते नाय म्हाईत. तोंडातनं शब्दच नाय आला तर? तो आला का माझे पाय जातात."

म्हटलं, माझेही जायचे.

"मंग ये ना गो. तशीच ये."

आप्पांना सांगितलं. त्यांनी ब्रश धुतला, पुसला, म्हणाले, "मी पन येतो." म्हटलं, नको. मग म्हणाले, "मोगरी नेतंस का?" त्यांच्या तोंडाकडे बघून कळेना की गंमत करतायत की खरंच विचारतायत. नको म्हटलं.

साडी नेसलेय, पिवळी. पट्टा खिळ्याला लटकतोय, तिथेच राहू दे. आता वही बंद करून निघायचं. मघाशी स्कूटर बाहेर काढताना डावा हात आपोआप पोटाशी गेला, बॅग सावरायला. पोटाशी काही नव्हतं. थोडा वेळ तसाच धरून उभी राहिले, मग हँडलवर ठेवला.